साध्या पाण्यातली मटकी

तुम्ही मागच्या वेळी बाहेर जेवलात, तेव्हा तुमच्या भाजीच्या रश्शात कोणतं पाणी घातलं होतं, हे विचारलं होतं का?

बहुतेक नसेल. मीही विचारलं नव्हतं. आणि मी तर प्रश्न विचारण्यातच वाढलेली मुलगी आहे.

माझे वडील, म्हणजे आप्पा, भोकरदनच्या बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा आणि जे वजन भरेल ते मोठ्याने सांगायचं, हे त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते पुस्तिका विकायचे. जयंतीला, बाजाराच्या दिवशी, ओळखीच्यांच्या लग्नात, जिथे घडीचं टेबल उघडता येईल तिथे. सोळा पानं, मधोमध पिना. हुंडा का देऊ नये, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, अंगात येणं म्हणजे नेमकं काय. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकले ती अंगात येण्यावरच्या पुस्तिकेवरून. पुस्तिका चांगली होती. फक्त दुसरीतल्या मुलीला झोपवायला तिचा फारसा उपयोग नव्हता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आप्पा एसटीने जालन्याला येत. प्रेसवाल्याचं घर प्रेसच्या मागेच होतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही नव्या प्रती मिळत. प्रती पिशवीत घातल्या की मटन खायला जायचं. मी सात वर्षांची झाल्यापासून या फेरीत सामील आहे. आई कधी आली नाही. बाहेर जेवणं म्हणजे घरच्या बाईचा जाहीर अपमान, असं तिचं मत आहे आणि त्यावर तिला पुस्तिका नको आहे.

आप्पा घरी फार बोलत नाहीत. टेबलावर समोरासमोर बसून, हाताला रस्सा लागलेला असताना, ते बोलतात. माझं दहावीनंतर काय करायचं ते तिथे ठरलं. आजी गेली तेव्हा त्यांना काय वाटलं, ते मला चार महिन्यांनी तिथेच कळलं. एखाद्या घरात देवघर असतं, एखाद्या घरात झोपाळा असतो, तसं आमच्या घरात पहिल्या रविवारचं टेबल होतं, आणि ते घरात नव्हतं.

जागा बदलत राहायची, पण आप्पांचा एक नियम कायम होता. ज्या हॉटेलच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलंय तिथे पाय ठेवायचा नाही. मी लहानपणी कारण विचारलं होतं.

"शाकाहारी लिव्हलं तर काही न्हाई," आप्पा म्हणाले होते. "आपुन काय भाजी खात न्हाई का? पण शुद्ध लिव्हलं, की मंग अशुद्ध कोण ते बी ठरलंच. ते पाटीवर लिव्हत न्हाईत. ज्याला कळायचं त्याला बराबर कळतं."

त्यांना ते कोणत्या गावातल्या कोणत्या हॉटेलात कळलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काही प्रश्न मलाही विचारता येत नाहीत.

आता माझं. मी बदनापूरला नोकरी करते, जालन्यात खोली घेऊन राहते आणि रेल्वेने ये-जा करते. एकदा बदनापूरच्या स्टेशनवर एका माणसाने माझ्या हातात घडीचं पत्रक दिलं. दुधाच्या धंद्यात नर वासराचं काय होतं, यावर होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं. शेवटी मुद्रकाचं नाव नव्हतं, म्हणून आठ दिवस विश्वास ठेवला नाही. नवव्या दिवशी खोलीच्या मागे ज्यांचा म्हशींचा गोठा आहे, त्यांना जाऊन विचारलं, की तुमच्याकडे नुसत्या म्हशीच का, हल्या, म्हणजे रेडा, एकही कसा नाही?

"हल्या ठिवून काय करू, ताई?" गोठेवाले म्हणाले. "शाळेत घालू का त्याला?"

मग जन्मलेले हल्ये जातात कुठे, असं मी विचारलं. ते गोठा धुवायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून मी दूध सोडलं. मटन, अंडी वगैरे त्याच्याबरोबर आपोआप गेलंच, कारण वासराची कीव करायची आणि बोकडाचा रस्सा ओरपायचा हे मला जमेना. या राहण्याला व्हीगन म्हणतात, हे मला नंतर कळलं. शब्द कळल्यानेही फरक पडला नाही. टपरीवर काळा चहा मागितला, की चहावाले आजही विचारतात, "पोट बिघडलं का?"

आप्पांना मी हे टेबलावरच सांगितलं. त्यांनी हातातली नळी ताटात ठेवली.

"तू त्यांच्याकडं चालली का?"

"कोणाकडे?"

"गाईकडं."

"म्हशीकडे," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांनी ताटावर केलेली उच्चनीचता सोसली, त्याच्या मुलीने एक दिवस ताट बाजूला सारलं, तर त्याला आधी काय आठवेल, हे मला समजत होतं. मी त्यांना गोठ्याची हकिगत सांगितली. शुद्धतेशी माझा काही संबंध नाही, माझा संबंध त्या हल्याशी आहे, हेही सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर आहे. पण मंग पुढच्या रविवारी आपुन बसायचं कुठं?"

प्रश्न बरोबर होता. दोन नियम, एक टेबल. त्यांच्या नियमाने 'शुद्ध'ची पाटी नको. माझ्या नियमाने दूध, तूप, लोणी, दही काही नको. आणि त्यांना मटन हवं. पंचवीस वर्षांचा बाप-लेकीचा शिरस्ता या तिढ्यात अडकला होता, आणि तो मोडला तर आम्ही दोघं परत कधी बोलू, याची मला खात्री नव्हती.

मी शोध घेतला. 'शुद्ध'वाल्या हॉटेलांत मी एकटी जाऊन पाहिलं, निदान काय मिळतं ते कळावं म्हणून. संभाजीनगर रस्त्यावरच्या एका हॉटेलात चोवीस पानी मेनूकार्ड होतं आणि त्यात पनीर एकोणीस प्रकारांनी होतं. मी वेटरला सांगितलं, तूप, लोणी, दूध, दही, साय यांतलं काही नको.

"उपास आहे का?"

"नाही."

"जैन करून देऊ का? कांदा-लसूण न्हाई टाकणार."

"कांदा-लसूण टाका. लोणी टाकू नका."

"डॉक्टरनी सांगितलं का?"

"नाही."

"मंग खा की, मॅडम!" तो कळवळून म्हणाला. त्याने आणलेल्या वांग्याच्या भाजीवर सायीने नक्षी काढली होती. मी नक्षीकडे बोट दाखवलं. "ती तर फक्त शोभेची आहे," तो म्हणाला. ज्या हॉटेलात कधी हाड शिजलं नाही, तिथे मला पापड आणि काकडी मिळाली. पापड त्यांनी तुपावर भाजला होता.

इडलीच्या हॉटेलात इडली मिळाली. पण आप्पांच्या मते इडली हे तापातलं अन्न आहे. ती खाऊन ते मला फक्त तब्येत विचारत राहिले. एका रविवारी बसस्टँडसमोर पोहे खाल्ले, उभ्याने. पोह्यांत काहीही चुकीचं नव्हतं. उभ्याने बोलणं मात्र होत नाही. आप्पा पिशवी सांभाळत म्हणाले, "मी जल्दी निघतो, दोनची गाडी भेटेल." पूर्वी ते पाचच्या गाडीने जायचे.

मग मावशींची खानावळ सापडली.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये सहा टेबलं. मावशींची शेती गावाकडे आहे, खानावळ इथे. पाटीवर एवढंच लिहिलंय: 'मटन भाकरी'. मी भीतभीत विचारलं, मटन नसलेलं काय आहे? मटकी होती. काळ्या मसाल्यातली, तिखट, वरती तेलाचा तवंग. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. मी विचारलं, यात दूध आहे का? न्हाई. तूप? न्हाई. लोणी, दही? "मटकीत दही कोण टाकतं, बाई?" मटनाचे तुकडे? मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ताट घेऊन गप बसले.

हे मला फार मोठं वाटलं. ज्या शहरात 'शुद्ध' हॉटेलात प्राण्याशिवाय घास मिळत नाही, तिथे मटनाच्या खानावळीत माझं संपूर्ण जेवण होतं. समोर आप्पा नळी फोडत होते, मी मटकी खात होते, आणि आम्ही परत बोलत होतो. व्हीगन लोकांच्या एका ग्रुपवर कुणीतरी मला लिहिलं, की मटनाच्या टेबलावर बसणं हा तत्त्वाशी द्रोह आहे. मी उत्तर दिलं, की माझा बाप ज्या टेबलावर बसू शकत नाही ते टेबल माझ्या तत्त्वात बसत नाही. मला ग्रुपमधून काढलं. आप्पांची पाचची गाडी परत सुरू झाली.

सहा महिने असे गेले. मटकीची चव दर वेळी जास्तच खोल लागायची. मी मावशींच्या हाताचं कौतुक करायचे. मावशी लाजून म्हणायच्या, "तुझ्या वाटीला मी डबल रस्सा टाकती, वाळून चाललीस." आप्पा अशा वेळी पाणी प्यायचे.

मी पत्रकांत वाढले. एखादी गोष्ट खरी वाटली, की ती छापायची, हे माझ्या अंगात आहे. मी एक पत्रक लिहिलं. जालन्यात आणि आसपास दूध-तूप-मांसाशिवाय कुठे जेवता येईल, याची माहिती. सकाळचे पोहे, एक इडलीवाले, बदनापूर स्टेशनबाहेरची भजी, भोकरदनच्या बसस्टँडवरची शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, मावशींची खानावळ: 'येथील मटकीच्या रश्शात प्राण्याचे काहीही नसते.'

प्रूफ तपासायला आप्पांना दिलं. आमच्याकडून छापून जाणारा कागद ते तपासतातच. ते प्रूफ त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं. एवढ्याशा पत्रकाला चार दिवस का लागले, असं मनात आलं होतं. त्यांनी तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला आणि परत केलं.

दोनशे प्रती छापल्या. पहिल्या रविवारी प्रेसमधून गठ्ठा घेऊन आम्ही दोघं मावशींकडे गेलो. ताटं वाढून झाली, तशी मी गठ्ठ्यातली वरची प्रत काढून मावशींना दिली. खरं तर त्यांना खूश करायचं होतं. त्यांनी हात पदराला पुसले आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. बोट एका जागी थांबलं.

"आगं माय! हे कोणी लिव्हलं?"

"मी. का?"

"काहीच नसते म्हणून कसं लिव्हलं? आळणी टाकती की मी."

आळणी म्हणजे मटन हळद-मिठात शिजवल्यावर जे पाणी उरतं ते. मसाला पडायच्या आधीचं. आमच्या भागात लेकराला, बाळंतिणीला, आजाऱ्याला ते वाटीने पाजतात. मावशी ते मटकीत घालत होत्या. सगळ्याच ग्राहकांच्या, आणि माझ्या वाटीत दुप्पट.

"पण मी विचारलं होतं ना?"

"दूध विचारलंस, तूप विचारलंस, तुकडे विचारलेस. पाणी कोणतं, हे कुठं विचारलंस? मी खोटं बोलले का?"

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. चव यावी म्हणून प्रेमाने घातलं होतं. मी आप्पांकडे पाहिलं. ते भाकरीचा तुकडा मोडत होते. तो आधीच मोडलेला होता.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या घासाला कळलं. तुझ्या वाटीतून चाखून बघितली होती."

"सहा महिने झाले!"

"हां."

"आणि प्रूफ? तुम्ही प्रूफ तपासलं!"

"तू शुद्धलेखन बघायला सांगितलंतं," आप्पा म्हणाले. "शुद्धलेखन बराबर आहे."

शेजारच्या टेबलावरचे दोन हमाल जेवायचे थांबले. मी म्हणाले, की तुम्ही आयुष्यभर काट्यावर उभे राहिलात, एका किलोचंही खोटं वजन कधी ओरडून सांगितलं नाहीत, आणि माझ्या नावाने दोनशे खोट्या प्रती छापू दिल्यात. मी बरंच बोलले. मला बोलता येतं, ते त्यांनीच शिकवलंय. आप्पांनी मान वर केली.

"मी सांगितलं असतं तर तू इथून उठली असतीस. मंग? परत पोहे? उभ्याने?"

मी उठले. गठ्ठा टेबलावरच राहिला. जेवण न करता खोलीवर आले आणि त्यांना फोनवर सांगितलं, की पुढच्या रविवारी मी येणार नाही. "बरं," ते म्हणाले. त्यांच्या एका 'बरं'मध्ये किती मावतं, हे मला माहीत आहे, म्हणून मी फोन लगेच ठेवला.

पुढचा पहिला रविवार आला. साडेअकराला खोलीचं दार वाजलं. आप्पा होते. प्रेसमध्ये त्या महिन्यात काहीच काम नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि पिशवीतून गठ्ठा काढून माझ्या कॉटवर ठेवला.

प्रत्येक प्रतीवर मावशींची ओळ लाल शाईने, पट्टी धरून खोडली होती. खाली, बाजार समितीच्या वहीत शोभेल अशा अक्षरात लिहिलं होतं: 'दुरुस्ती. या रश्शात आळणी असते. तपासणाऱ्याला हे ठाऊक होते. क्षमस्व.' मी वरची प्रत पाहिली, मधली पाहिली, तळाची काढून पाहिली. दोनशेच्या दोनशे. शेवटच्या तीस-चाळीस प्रतींत अक्षर वाकडं झालं होतं.

"शुद्धिपत्र छापून चिकटवलं असतं की," मी म्हणाले.

"छापायला प्रेसवर जावं लागलं असतं. त्यांनी विचारलं असतं, कोण चुकलं. लिव्हायला हरकत न्हाई. सांगायला जड जातं."

मी चप्पल घातली.

मावशींनी आम्हाला पाहिलं आणि आधी मलाच झापलं. "रुसून गेलीस ते गेलीस, ताट वाढलेलं तसंच ठिवून गेलीस!" मी माफी मागितली आणि विनंती केली, की माझ्यापुरती मटकी साध्या पाण्यात कराल का?

"एकीसाठी येगळं पातेलं मांडू? चूल कुठं मोकळी हाय? पाच ताटं असली तर बोल. पाच असली तर पहिल्या रविवारी करती, येगळ्या पातेल्यात, येगळ्या पळीनं. बिलकुल साधं पाणी."

"दोन धरा," आप्पा म्हणाले. "ती आन् मी."

"भाऊ, तुमी मटन खाणार न्हाई?"

"मटन बी खाणार."

"मंग तुमी दोन्हीकडून कसे मोजायचे?"

"दोन ताटं घेतो. पैसे दोन्हीचे. पोट माझं आहे."

मावशींनी हिशेब मान्य केला आणि मटकीची दोन ताटं धरली. त्या दिवसापुरती त्यांनी लहान पातेल्यात आमच्या दोघांचीच मटकी केली. खरं सांगायचं तर ती आधीसारखी लागली नाही. पातळ होती, थोडी उग्र होती, मटकीची होती. आप्पांनी मटनाआधी माझ्यासमोर तिचा पहिला घास घेतला, जिभेवर फिरवला आणि काट्यावरचं वजन सांगावं तसं मोठ्याने म्हणाले, "साधं पाणी."

पाचची गाडी चुकली. ते सहाच्या गाडीने गेले.

मावशींनी एक महिन्याची मुदत दिली आहे. पुढच्या पहिल्या रविवारी पाच ताटं झाली नाहीत तर लहान पातेलं परत माळ्यावर जाईल. दोन ताटं झाली आहेत. तीन कमी आहेत.

म्हणून माझी विनंती आहे. तुम्ही मांस खाता की नाही, हे मी विचारत नाही. आप्पांसारखं दोन्ही खाल्लं तरी चालेल. पहिल्या रविवारी दुपारी बारापर्यंत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत या, मावशींना सांगा, "साध्या पाण्यातली मटकी", आणि आमच्या टेबलावर बसा. जालन्यात नसाल, तर तुमच्या गावातल्या मटनाच्या खानावळीत अजून चार जणांना घेऊन जा आणि वेगळं पातेलं मागा. आणि तिथे बसण्याआधी, माझ्यावर विश्वास न ठेवता, रश्शात कोणतं पाणी आहे ते स्वतः विचारा.